कोयत्याची नोंद होते, मुलाची का नाही?

आषाढ जवळ आला की सोलापूर जिल्ह्यात लगबग सुरू होते. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ जिल्ह्यात प्रवेश करते; संत तुकाराम महाराजांची पालखी सराटीकडून अकलूजला येते. त्यांच्या स्वागताची तयारी कितीतरी आधीपासून चालू असते. दिंड्या किती, पाण्याचे टँकर किती, दवाखाने कोठे, शौचालये कोठे, मुक्कामाच्या गावी विजेची सोय काय, यासाठी बैठकांवर बैठका होतात. त्या व्यवस्थेत उणिवा राहत नाहीत असे नाही. परंतु येणारा माणूस आपला आहे आणि त्याची सोय पाहणे हे यजमान जिल्ह्याचे कर्तव्य आहे, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसतो.

तीन-चार महिने उलटतात. दसरा-दिवाळी होते, कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि त्याच माळशिरस, वेळापूर, अकलूज, पंढरपूरच्या रस्त्यांवरून दुसरे वाटसरू येऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती, अंथरूण-पांघरूण, एखादी शेळी, एखादी म्हातारी आणि त्या सगळ्या संसारावर बसलेली मुले. बीड, जालना, परभणी आणि अहिल्यानगर जिल्ह्याचा पाथर्डी-शेवगावचा पट्टा येथून निघालेली ही ऊसतोड कुटुंबे असतात. वारकरी जिल्ह्यात काही दिवस राहतात; ही कुटुंबे चार-पाच महिने राहतात. त्यांच्या स्वागताला कमान नसते, हे एक वेळ समजून घेता येईल. परंतु त्या ट्रॉल्यांवर बसून किती मुले जिल्ह्यात आली, याचा भरवशाचा आकडा एका ठिकाणी मिळू नये, हे समजून घेता येण्यासारखे नाही.

दोन माणसांचा एक कोयता

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम कोयत्याला उचल देतो आणि पुढे तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फेडून घेतली जाते. आजारपण आले, बाळंतपण आले तरी खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीच्या बोजात भर घालतात. पहाटेच्या अंधारात फडावर जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची आणि रात्री-अपरात्री कोपीवर परतायचे, असा हा दिनक्रम असतो.

या व्यवहाराच्या हिशेबात दोनच माणसे असतात. प्रत्यक्षात राबणारे हात अधिक असतात. दहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळते, पाणी आणते, चूल पेटवते. तिचा भाऊ वाड्याच्या पेंढ्या बांधतो, बैलांकडे पाहतो. तेरा-चौदाव्या वर्षी त्याच्या हाती कोयता येतो. मुलीचे लग्न लवकर उरकले जाते, कारण उघड्या माळावरच्या कोपीत वयात आलेली मुलगी ठेवून दिवसभर फडावर राहणे आईबापांच्या जिवाला घोर लावणारे असते. ते लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो आणि पुढच्या हंगामात उचल घेतो. एका पिढीचे दारिद्र्य दुसऱ्या पिढीच्या पदरात पडते ते असे, शाळेच्या चार-पाच बुडालेल्या महिन्यांतून.

राज्यात अशी मुले किती? ऑक्सफॅम इंडियाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणारी चौदा वर्षांखालील मुले सुमारे २ लाख असल्याचा अंदाज आहे. तो अंदाजच आहे, कारण या मुलांची मोजणी हाच मुळात अवघड विषय होऊन बसला आहे. मूळ गावच्या शाळेत मुलाचे नाव पटावर असते, म्हणून कागदोपत्री ते शाळाबाह्य ठरत नाही. ज्या गावच्या शिवारात ते राहते, तेथील शाळेच्या पटावर त्याचे नाव नसते, म्हणून तेथील गुरुजींच्या लेखी ते अस्तित्वातच नसते. एका जिल्ह्यात नाव आणि दुसऱ्या जिल्ह्यात देह, अशी या मुलांची स्थिती आहे.

बाहेरून आलेल्यांचेच शहर

सोलापूरला परगावच्या माणसांचे वावडे कधी नव्हते. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. त्याच सुमारास दक्षिणेत भीषण दुष्काळ होता. तेलंगणातून पद्मशाली विणकर पोट भरण्यासाठी सोलापुरात आले, काही गिरणीत लागले, बहुतेकांनी माग मांडले. सोलापूरच्या चादरीची ख्याती ज्या हातांनी देशभर नेली, त्यांतील असंख्य हात या स्थलांतरितांचे होते. आज नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा तो परक्यांचा उत्सव आहे असे कोणाही सोलापूरकराला वाटत नाही.

हे आपोआप घडलेले नाही. या समाजाने शिक्षणसंस्था काढल्या. नगरपालिकेने, पुढे महापालिकेने मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा चालवल्या. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कागदावर दोन्ही, अशा रीतीने मुले वाढली आणि शहराशी एकजीव झाली. या शहराचा अभ्यासही झाला. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने सोलापूरची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि तिचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. कोण कोठून आला, कसा राहतो, काय कमावतो, हे घरोघर जाऊन विचारण्याची परंपरा या शहराला आहे. विणकरांच्या मुलांसाठी जे सोलापूरने केले, ते ऊसतोडकऱ्यांच्या मुलांसाठी का होऊ नये, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

साखरशाळा आल्या आणि गेल्या

प्रयत्न झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात 'साखरशाळा' हा शब्द रूढ झाला. कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या शेजारी, पाचटाच्या भिंतींची शाळा उभी राहायची. तेव्हाच्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या 'जनार्थ' या संस्थेने या कामात मोठा वाटा उचलला. गुजरातच्या भूकंपानंतर २००१ साली स्थापन झालेल्या 'अमेरिका इंडिया फाउंडेशन'ने, म्हणजे मुख्यतः परदेशस्थ भारतीयांच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेने, आर्थिक साहाय्य दिले. स्मिता या अभ्यासिकेने महाराष्ट्र, गुजरात, ओडिशा अशा राज्यांतील हंगामी स्थलांतराचा आणि त्यात होरपळणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २००७ साली ग्रंथरूपाने आला. एकाने शिकवावे, एकाने मोजावे आणि लिहावे, एकाने पैसा द्यावा आणि सर्वांनी मिळून शासनाचे दार ठोठावावे, अशी ती भागीदारी होती.

पुढे २००९ साली शिक्षणहक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला रीतसर, मान्यताप्राप्त शाळेत शिकण्याचा हक्क मिळाला. हेतू उदात्त होता. गरिबाच्या मुलाला दुय्यम दर्जाची शाळा का, हा प्रश्नही बिनतोड होता. परंतु हंगामापुरत्या शाळांना त्या चौकटीत जागा उरली नाही आणि हळूहळू साखरशाळा मावळल्या. मुलांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जावे किंवा मूळ गावी हंगामी वसतिगृहात राहावे, हे नवे धोरण ठरले. कागदावर ते अधिक चांगले होते. पण जवळची शाळा फडापासून तीन-चार किलोमीटरवर असली, तर पहाटे निघून गेलेले आईबाप मुलाला तेथे पोहोचवणार कसे? आणि दर पंधरा-वीस दिवसांनी टोळीचा फड बदलला, तर शाळाही बदलायची का? हे प्रश्न कायदा करताना विचारणारे कोणी नव्हते असे नाही. ऐकू जाईल एवढ्या एकमुखाने विचारणारे नव्हते.

साखरशाळेचा खरा धडा हा आहे. केवळ सेवा केली, तिच्या पाठीशी अभ्यास आणि पाठपुरावा उभा केला नाही, तर कायद्याच्या एका फटकाऱ्यासरशी सेवेचे वर्षानुवर्षांचे काम वाहून जाते.

आकडा बोलतो तेव्हा

याच्या उलट उदाहरणही ऊसतोडीच्याच क्षेत्रातील आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली जातात, ही कुजबुज अनेक वर्षे होती. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे उघड झाले. पत्रकार, महिला संघटना, अभ्यासक यांनी विषय लावून धरला होताच. आकडा पुढे येताच शासनाला उत्तर देणे भाग पडले. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून अशी शस्त्रक्रिया करू नये, असे बंधन खासगी रुग्णालयांवर आले. दुःख तेच होते; मोजले गेल्यावर त्याला दाद मिळाली.

सातासमुद्रापलीकडचा दाखलाही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतही पिकांच्या मागे राज्याराज्यांतून फिरणारी शेतमजूर कुटुंबे आहेत. १९६० साली 'हार्वेस्ट ऑफ शेम' हा माहितीपट तेथील दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि सुखवस्तू घरांना आपल्या ताटातील अन्न कोण पिकवते हे दिसले. १९६६ साली या मुलांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र केंद्रीय योजना सुरू झाली. पुढे काही वर्षांतच, संगणक दुर्मीळ असण्याच्या काळात, आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे या मुलांच्या शालेय आणि आरोग्यविषयक नोंदी एकत्र ठेवण्याची व्यवस्था झाली. मूल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले, तरी त्याची नोंद त्याच्या मागे जाऊ लागली.

सोलापूर-पुण्यातील अनेक मध्यमवर्गीय घरांतील मुले आज अमेरिकेत नोकरीला आहेत. तेथील नातू वडिलांची बदली झाली की नव्या गावच्या शाळेत काही दिवसांत दाखल होतो. इंग्रजी कच्चे असेल तर त्यासाठी वेगळी शिकवणी मिळते. आजी-आजोबांना त्याचे कौतुक वाटते आणि ते स्वाभाविकही आहे. पण बीडहून माढ्याला आलेल्या मुलाला तीच सोय आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत मिळत नाही, याची खंतही त्याच घरांत वाटली पाहिजे.

कायदा आहे, जाब विचारणारा नाही

नवा कायदा मागण्याची गरज नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे, हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून स्पष्ट नमूद आहे. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही, असे कलम ५ सांगते. महाराष्ट्र शासनाने शिक्षण हमी पत्रक आणले. 'बालरक्षक' म्हणून पुढाकार घेणारे शिक्षक तयार केले. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. त्यासाठी कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाकडून, अशी तरतूद झाली. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांना २०२१ साली मान्यता मिळाली.

ही सर्व पावले योग्य दिशेची आहेत. तथापि त्यांचा रोख मुख्यतः ज्या जिल्ह्यांतून माणसे निघतात, त्यांकडे आहे. मुलांना मागे ठेवता आले तर उत्तमच. परंतु सांभाळणारे आजी-आजोबा नसलेले घर, तान्ह्या भावंडासाठी लागणारी ताई, वसतिगृहात मुलीला ठेवायला धजावत नसलेली आई, यांचे काय? ही मुले ट्रॉलीवर चढणारच. ती जेथे उतरतात, त्या जिल्ह्याची जबाबदारी तेथून सुरू होते. सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. एवढे गाळप करणाऱ्या जिल्ह्याने, गाळपाचा ऊस तोडणाऱ्यांची मुले दुसऱ्या जिल्ह्याची आहेत असे म्हणणे शोभणारे नाही.

'हे आमचे कामगार नव्हेत, मुकादमाचे आहेत,' हे कारखान्यांचे ठरलेले उत्तर असते. करारमदाराच्या भाषेत ते खरेही असेल. पण कोणत्या दिवशी कोणत्या शेतकऱ्याच्या फडात कोणती टोळी आहे, तिच्यात किती कोयते आहेत, हे कारखान्याच्या शेती विभागाला रोजच्या रोज ठाऊक असते; चिटबॉय फडावर जातो, त्यावरच तोडीचे सारे वेळापत्रक चालते. ज्या नोंदवहीत कोयता लिहिला जातो, त्याच ओळीत 'सोबतची मुले, वय, इयत्ता, मूळ शाळा' असे चार रकाने वाढवले, तर जिल्ह्यातील प्रत्येक मुलाचा ठावठिकाणा आठवड्याभरात कळू शकेल. यासाठी कोटींचा निधी लागत नाही. इच्छा लागते आणि ती नसेल तेथे आदेश लागतो.

यंत्रे आली की प्रश्न आपोआप सुटेल, असेही काही जण म्हणतात. ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत, हे खरे. परंतु लहान तुकड्यांच्या शेतीत ती सर्वत्र चालत नाहीत आणि ज्या वर्षी ती सर्वत्र चालतील, त्या वर्षापर्यंत आज आठ वर्षांचे असलेले मूल थांबून राहणार नाही. उलट, यंत्र येणार असेल तर त्या मुलाला कोयत्याखेरीज दुसरे काही येणे अधिकच निकडीचे आहे.

वाटपाच्या पुढे

या विषयात समाजाने, विशेषतः सेवाभावी कार्यकर्त्यांनी, स्वतःकडेही पाहिले पाहिजे. संक्रांतीच्या सुमारास कोप्यांवर जाऊन तिळगूळ, वह्या, उबदार कपडे वाटण्याचे कार्यक्रम गावोगाव होतात. त्यामागची आपुलकी खरी असते. पण वही मिळालेल्या मुलाला उद्या कोणत्या वर्गात बसायचे, हे विचारल्याशिवाय परतणारा कार्यकर्ता अर्धेच काम करून परततो.

सोलापूरला या बाबतीत फार दूर पाहावे लागत नाही. शेजारच्या तुळजापूर तालुक्यात यमगरवाडी येथे भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानने पारधी आणि इतर भटक्या समाजांतील मुलांसाठी निवासी विद्यासंकुल उभे केले. त्या कामाचे प्रवर्तक गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. प्रभुणे पालांवर गेले, राहिले, प्रश्न समजून घेतले, लिहिले, कचेऱ्यांत आणि पोलीस ठाण्यांत खेटे घातले. मुलांची शाळा त्या सगळ्यासह उभी राहिली. सेवा, अभ्यास आणि पाठपुरावा या तीन वेगळ्या वाटा नसून एकच वाट आहे, हे त्या माळरानावर सिद्ध झाले आहे.

मोजणीविषयी एक सावधगिरी मात्र सोलापूरच्याच इतिहासाने शिकवली आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले आणि त्यांची नित्य हजेरी घेतली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. 'सेटलमेंट' हे नाव मात्र शहरात राहिले. तीही मोजणीच होती, पण संशयाची. म्हणून मुलांची नोंद शिक्षकाच्या हाती असावी. ती प्रवेशासाठी, लसीकरणासाठी, पोषण आहारासाठी वापरली जावी. मुकादमाच्या वा अन्य कोणाच्या हाती दबावाचे साधन होऊ नये. संशयाने मोजणे वेगळे आणि पंगतीत किती पाने मांडायची म्हणून मोजणे वेगळे.

हे काम करू शकणारे सारे घटक जिल्ह्यात हजर आहेत. २००४ साली एका जिल्ह्यापुरते स्थापन झालेले आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावयाचेच आहे, त्यांनी हंगामाच्या पहिल्या महिन्यात तळोतळी जाऊन पाहणी करावी. वेळापूरला, ऐन ऊसपट्ट्यात, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. मधेच येणाऱ्या आणि मधेच जाणाऱ्या मुलाला कसे शिकवावे, याचा पाठ्यक्रम तिने घडवावा. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. नवे काही सुचण्यासाठी सोलापूरच्या गुरुजींना मुंबईकडे पाहावे लागत नाही. कारखान्यांनी रकाने वाढवावेत आणि तळ ते शाळा एवढ्या वाहनाची सोय करावी. स्वयंसेवी संस्थांनी फडावरची सकाळ सांभाळावी. हंगाम संपताना प्रत्येक मुलाच्या हाती 'हा इतके दिवस शिकला, येथवर शिकला' असा कागद असावा आणि तो बीडच्या शाळेने विनातक्रार स्वीकारावा. वर्षाअखेरीस सर्वांनी मिळून एक अहवाल जिल्हा नियोजन समितीपुढे आणि साखर आयुक्तांपुढे ठेवावा.

मार्च सरता सरता कारखान्यांचे पट्टे पडतील. ट्रॉल्या पुन्हा भरतील. बाजरीची पोती रिकामी झालेली असतील, उचल बहुधा थोडी शिल्लकच असेल. त्याच रस्त्यांनी मुले परत जातील. आषाढात त्या रस्त्यांवर पुन्हा पताका लागतील आणि जिल्हा पुन्हा पाहुण्यांची मोजदाद करील. त्या मोजदादीची सवय असलेल्या जिल्ह्याने पुढच्या दसऱ्यापूर्वी एक बैठक अधिक घ्यावी आणि तिच्यात पहिलाच प्रश्न विचारावा: यंदा मुले किती येणार आहेत?